एक घर पुढे

माणूस बुद्धिबळ कसे खेळतो यावरून त्याची अक्कल कळते, असे पुष्कळ लोक समजतात. मला त्याबद्दल शंका आहे. पण पहिल्या सहासात चाली तो कोणत्या करतो यावरून त्याला हा खेळ कोणी शिकवला, हे मात्र पुष्कळदा ओळखता येते. बोलण्याच्या हेलावरून माणूस शेवगावकडचा की संगमनेरकडचा हे जसे आपण बसल्या बैठकीला सांगतो, तसेच हे आहे.

बुद्धिबळ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा करते. डावाच्या पहिल्या दहापंधरा चालींना 'ओपनिंग' म्हणतात. सोयीसाठी आपण तिला मांडणी म्हणू. पट तोच आणि सोळा सोळा मोहरेही तेच. तरी या पहिल्या चाली कितीतरी तऱ्हांनी करता येतात आणि एकेका तऱ्हेवर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले आहेत. त्यांची नावे मोठी गमतीची असतात. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, इंग्लिश, डच, सिसिलियन. प्रथम वर्षाला असताना ग्रंथालयात असल्या एका पुस्तकाची अनुक्रमणिका मी वाचू लागले, तेव्हा हे पुस्तक चुकून भूगोलाच्या कपाटातून आले की काय असे वाटले. त्या यादीत खाली एक नाव होते, 'किंग्ज इंडियन डिफेन्स'. राजाच्या बाजूचा भारतीय बचाव. एवढ्या परदेशी नावांच्या गर्दीत आपले नाव पाहून, परगावच्या स्टँडवर आपल्या गावची एसटी दिसावी तसा मला आनंद झाला. मी तीच मांडणी शिकायचे ठरवले.

ती अशी आहे. पांढरा खेळाडू वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो. काळ्याने त्याला तसेच प्यादे टाकून उत्तर द्यावे, ही जुनी सरळ रीत. आपला काळा तसे करत नाही. तो राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो. मग त्या घोड्याच्या मूळ घरापुढचे प्यादे फक्त एक घर सरकवतो आणि रिकाम्या झालेल्या जागी उंट नेऊन बसवतो. वजिरापुढचे प्यादेही एकच घर सरकते. मग किल्लेकोट करून राजा उंटाच्या आडोशाला जातो. एवढ्या वेळात पांढऱ्याने तीन प्यादी दोन दोन घरे पुढे आणून पटाचे मधले रान सगळे नांगरून घेतलेले असते. बघणाऱ्याला वाटते, हा काळा भलताच भित्रा दिसतो. स्वतःच्या अंगणाबाहेर पडायलाच तयार नाही.

पण काळ्याचा हिशेब निराळा असतो. मधले रान पांढऱ्याने घेतले खरे, आता ते राखायचे कामही त्यालाच लागले. आडोशाला बसलेल्या उंटाची नजर तिरपी, या कोपऱ्यापासून थेट त्या कोपऱ्यापर्यंत जाते. योग्य वेळ येताच काळा राजापुढचे प्यादे दोन घरे टाकून मध्यावर पहिला घाव घालतो. पांढऱ्याने तिथे प्यादे पुढे रेटले की मधली वाट बंद होते. मग पांढरा वजिराच्या बाजूने चढाई करतो, काळा राजाच्या बाजूने, आणि कोण आधी पोचतो याची शर्यत लागते. या शर्यतीत काळ्याने जपायचा मोहरा एकच, तो आडोशाचा उंट. त्याची अदलाबदल झाली की राजाभोवतीची काळी घरे उघडी पडतात. म्हणून पांढरा वजीर आणि उंट एका तिरप्या रेषेत लावून नेमका त्यालाच उठवायला बघतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे पुस्तक पुढ्यात ठेवून ओसरीवर एकटीच खेळून बघत होते. आबा, म्हणजे माझे आजोबा, तंबाखू मळत शेजारी बसले होते. मला बुद्धिबळ शिकवले ते त्यांनीच. पण तालुक्याच्या शाळेत गेल्यावर मी 'शाळेच्या नियमांनी' खेळू लागले आणि आमचे दोघांचे पट हळूहळू निराळे झाले होते. त्या दिवशी ते बराच वेळ नुसते पाहत राहिले. उंट त्या आडोशाच्या घरात जाऊन बसला तशी म्हणाले,

"हा कोनाड्यातला उंट. ह्यो आपल्या गावचा डाव हाय. तुला कुणी शिकिवला?"

मी म्हटले, "आबा, हे पुस्तकात आहे. रशियातले लोक खेळतात हे."

"खेळू दे की. कोनाड्यातला दिवा इझू द्यायचा न्हाई, येवढं त्यांला सांग म्हंजे झालं."

पुढची चाल म्हणून मी राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. "हितं तुझं प्यादं उडालं. प्यादं चालतं, उडत न्हाई."

या एका वाक्याचा अर्थ लावण्यात माझी दोन वर्षे गेली. हा लेख म्हणजे त्या दोन वर्षांचा हिशेब आहे.

आबांच्या देशी बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाते. साऱ्या फरकाचे मूळ इथे आहे. दोन्हीकडची प्यादी एकेक पाऊल टाकत येत असतील, तर सुरुवातीलाच मध्यावर टक्कर होत नाही. घाई नसते. आधी आपले मोहरे नीट लावून घ्यावेत, उंटाला लांबची तिरपी वाट मोकळी करून द्यावी, राजाची सोय बघावी आणि मग भांडण काढावे, हेच तिथे शहाणपणाचे ठरते. घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंट कोनाड्यात बसवणे ही त्या नियमातून आपोआप निघणारी गोष्ट आहे. प्याद्याला दोन घरांची मुभा युरोपात मध्ययुगातच मिळाली. तिथे आधी धावेल त्याला मधले रान मिळते, आणि एका घराने चालणारा मागे राहिलेला दिसतो. जो आपल्याकडे सावधपणा, तो तिकडे भित्रेपणा ठरला, याचे कारण स्वभावात शोधायला नको. ते नियमात आहे.

या दोन नियमांची गाठ पडल्याची नोंद आहे ती कलकत्त्याची. तिथे जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर राहत होता. तो त्याच्या काळातल्या नामांकित खेळाडूंपैकी होता आणि कलकत्त्यात त्याच्या तोडीचा कोणी मिळत नव्हता. १८४८ च्या सुमारास तिथल्या क्लबातल्या एकाने मुफसलातला एक बंगाली ब्राह्मण त्याच्यासमोर आणून बसवला. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. देशी नियमांत मुरलेला हा माणूस आता इंग्रजी नियमांनी खेळू लागला. नियम बदलले, पण हाताची सवय कुठे जाते? कॉक्रेन प्यादी दोन दोन घरे टाकत मधले रान घेई, आणि महेशचंद्र घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवून उंट कोनाड्यात बसवी. दोघे पुढे कितीतरी वर्षे खेळत राहिले आणि त्यांचे शेकडो डाव लिहून ठेवले गेले.

त्यांतला १८५५ चा एक डाव मी आबांना पटावर लावून दाखवला. महेशचंद्रांनी काळी मोहरी घेऊन घोडा काढला, उंट कोनाड्यात नेला आणि पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यांवर नेम धरला. याच मांडणीने १९२२ साली व्हिएन्नाचा अर्न्स्ट ग्रुनफेल्ड मोठ्या स्पर्धांतून खेळला आणि आज तिला जगभर ग्रुनफेल्डचे नाव आहे. म्हणजे नाव पडण्याआधी सदुसष्ट वर्षे ती कलकत्त्यात खेळून झाली होती. तो डाव मात्र महेशचंद्र हरले. कॉक्रेनने घोड्याने दुहेरी शह दिला, काळा राजा कोपऱ्यात गेला. मग कॉक्रेनने आपला वजीर राजाला खेटून ठेवला. तो हत्तीने मारावाच लागला, आणि घोड्याने उडी घेऊन मात केली. राजाला हलायला एक घर नव्हते. सगळीकडे त्याचेच लोक उभे. आबा पटाकडे पाहून एवढेच म्हणाले, "गुदमारला बिचारा." ते राजाबद्दल बोलले की महेशचंद्रांबद्दल, हे मी विचारले नाही.

'भारतीय बचाव' हे नाव १८८४ मध्ये छापलेले सापडते, ते या महेशचंद्रांच्या खेळावरूनच. पण नाव मिळाले म्हणजे मान मिळाला असे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपियन पंडितांच्या मते मध्यावर प्यादी रोवणे हाच धर्म होता. १९२० नंतर निम्झोविच, रेटी, टार्टाकोव्हर ही मंडळी पुढे आली आणि त्यांनी प्रश्न विचारला की, मध्य व्यापलाच पाहिजे असे कुठे आहे? दुरून नजर ठेवली तर चालणार नाही काय? निम्झोविचचा 'माय सिस्टिम' हा ग्रंथ १९२५ च्या सुमाराचा. जी गोष्ट महेशचंद्र हाताच्या सवयीने करत होते, तिला आता शास्त्राचा आधार मिळाला. आपल्याकडे आजीच्या बटव्यातली हळद शहरातून बाटलीत भरून परत येते, तशातला हा प्रकार.

मग १९२९ साली पंजाबातल्या सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला मीर सुलतान खान लंडनला गेला. तोही देशी नियमांत वाढलेला. पाश्चात्य नियम शिकून त्याला चारच वर्षे झाली असतील नसतील. त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवले. मांडणीचे ग्रंथ त्याने वाचले नव्हते, आणि सुरुवातीला तो पुष्कळदा मागे पडे. पुढे मात्र त्याला आवरणे कठीण जाई. १९३३ नंतर तो मायदेशी परतला आणि शेतीत रमला. १९६६ मध्ये तो वारला. जागतिक संघटनेने त्याला मानद ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ मध्ये.

राजाच्या भारतीय बचावाचे आजचे रूप घडले ते त्याहून दूर, सोव्हिएत युक्रेनमध्ये. १९४० नंतरच्या दशकात ब्रॉनस्टाईन आणि बोलेस्लाव्हस्की यांनी या दबकून बसलेल्या मांडणीतून हल्ला कसा करायचा ते दाखवले. १९४६ च्या प्राग-मॉस्को सामन्यात ब्रॉनस्टाईनने काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेल्या डावांमुळे लोकांचे डोळे उघडले. १९५३ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता येथे युगोस्लाव्हियाचा ग्लिगोरिच नायडॉर्फविरुद्ध जी चाल खेळला, तिचे नावच मार देल प्लाता पडले. वर मी दोन बाजूंच्या शर्यतीचे वर्णन केले ते तिचेच. पुढे फिशरने आणि कास्पारोव्हने हा बचाव आपलासा केला. १९९७ च्या सुमारास क्रामनिकच्या चढाईपुढे कास्पारोव्हनेही तो बाजूला ठेवला. आज संगणकाला विचारले तर तो सुरुवातीपासूनच पांढऱ्याकडे पारडे थोडे झुकलेले दाखवतो. तरीही हजारो खेळाडू तो खेळतात. कारण समोर बसलेला माणूस संगणक नसतो, आणि बंद रानातली शर्यत जिंकायला हिंमत लागते.

आता कोणी विचारील, मग हा बचाव आपला की त्यांचा? नाव बाहेरच्यांनी दिले, शास्त्र रशियन-युक्रेनियन लोकांनी रचले. आपला आहे तो त्यामागचा नियम, एका घराचा. आणि तो नियम आपणच टाकून दिला.

शिवाय 'आपला' हा शब्दही जपूनच वापरावा लागतो. आमच्या शेवगाव तालुक्यासमोर, पाण्यापलीकडे पैठण आहे. सोळाव्या शतकात पैठणचे एक भट्ट घराणे काशीला जाऊन स्थायिक झाले. त्या घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठ भट्ट झाले. त्यांनी 'भगवंतभास्कर' हा मोठा धर्मशास्त्रीय ग्रंथ रचला. त्याच्या बारा मयूखांपैकी 'व्यवहारमयूख' इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयात हिंदू कायद्यासाठी प्रमाण मानला जाई. 'नीतिमयूखा'त त्यांनी बुद्धिबळाचा खेळही वर्णिला आहे, त्याची मात्र वकिलांना कधी गरज पडली नाही. पुढे १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक संस्कृतातून इंग्रजीत छापले गेले. ते युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहे असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. दोन पद्धती निराळ्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या पद्धतीला गिऱ्हाईक आहे, हे तेव्हाच्या छापखान्याला ठाऊक होते. आणखी एक गंमत. आज वजीर सगळीकडे धावतो आणि उंट तिरपा लांबवर जातो. जुन्या खेळात वजीर एकच तिरपे घर सरके आणि उंटाच्या जागचा मोहरा दोन घरांची तिरपी उडी मारी. लांब चाली युरोपातून आल्या, आपण त्या घेतल्या, आणि प्यादे मात्र एकाच घरावर ठेवले. म्हणजे आबांचे देशी बुद्धिबळही सोवळ्यातले नाही. येणाऱ्यांकडून हवे ते घेतले आणि नको ते सोडले, अशा मिश्रणाचा तो खेळ आहे. आणि त्या मिश्रणाची चव ज्यांनी घेतली ती माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत.

हा प्रश्न माझ्या घरचाच असल्यामुळे तो मला नुसता अभ्यासाचा वाटत नाही. आमचे जुने गाव गोदावरीच्या काठी होते. देवळासमोर पार होता आणि देवळाच्या ओट्याच्या दगडावर बुद्धिबळाचा पट कोरलेला होता. आबा सांगतात, सुगी आटोपली की तिथे दोन दोन पट रंगत आणि बघे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बोलत. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. मधल्या काळात गाव उठले. काही घरे वर शेवगावच्या बाजूला गेली, काही नेवाशाकडे, काही पलीकडच्या जिल्ह्यात. पारावरचे खेळणारे तीन ठिकाणी विखुरले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार ओसरले म्हणजे जुन्या देवळाचे जोते उघडे पडते. आमच्याकडची माणसे तेव्हा तिथे नारळ वाहून येतात. आबा जात नाहीत. "प्यादं माघारी येत नसतं," म्हणतात.

पण या उठण्यातून एक गोष्ट अशी घडली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. जुन्या गावात पारावर बाईमाणूस बसत नसे. नव्या गावाला पार नव्हता. आबांनी लाकडी पट आणून तो ओसरीवर मांडला, आणि समोर बसायला कोणी नाही म्हणून आत्याला हाक मारली. आत्या शिकली, तिच्यानंतर मी. गाव बुडाले नसते तर बुद्धिबळ आमच्या घरातल्या मुलींपर्यंत कधी पोचले असते, कोण जाणे. ज्या १९७६ साली धरण राष्ट्राला अर्पण झाले, त्याच वर्षी मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरल्या. तसे खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. आपल्या नगर जिल्ह्यानेही शार्दूल गागरेसारखा ग्रँडमास्टर दिला आहे. ही सारी मंडळी दोन घरे उडणाऱ्या प्याद्याची, आणि मीही स्पर्धेत त्याच नियमांनी खेळते. त्याबद्दल मला खंत नाही. एका नियमाने सारे जग एकमेकांसमोर बसू शकते, ही लहान गोष्ट नव्हे. महेशचंद्र देशी नियमांवरच अडून बसले असते तर कॉक्रेनशी त्यांचा एकही डाव झाला नसता.

तरी घरी मी आबांच्या नियमांनी खेळते. ते नियम मी विचारून विचारून वहीत उतरवले, ते इथे देते. प्यादे नेहमी एकच घर चालते. किल्लेकोट नाही; मात्र राजाला शह बसलेला नसेल तोवर एकदाच घोड्याची अडीच घरांची उडी मारता येते. प्यादे शेवटच्या ओळीत पोचले म्हणजे ते ज्याच्या घरात शिरले तो मोहरा होते. हत्तीच्या घरी हत्ती, उंटाच्या घरी उंट, राजाच्या किंवा वजिराच्या घरी वजीर. तेही आपला तसा मोहरा आधी मारला गेला असेल तरच. समोरच्याचे सगळे मारून राजा एकटा ठेवला तर ती मात नव्हे. तिला बुर्जी म्हणतात आणि तो अर्धा विजय. खरी कसोटी प्यादेमातीची. वजिराने मात केली तर लोक म्हणत, बरे झाले. प्याद्याने केली तर चहा पाजत.

गेल्या उन्हाळ्यात आबांना घेऊन मी नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवर गेले. तिथे त्यांचे जुने प्रतिस्पर्धी राहतात. सारे गाव त्यांना मामा म्हणते. दोघे कितीतरी वर्षांनी पटावर बसले. पहिल्या आठ चाली दोघांनी न बोलता भराभर केल्या. दोन्हीकडे उंट कोनाड्यात गेले. मग डाव रेंगाळला, दुपार झाली, मामांच्या सुनेने दोनदा चहा आणला. शेवटी आबांचे एक प्यादे घोड्याच्या घरात पोचले आणि त्याचा घोडा झाला. आबांनी लगेच, त्याच चालीत, तो घोडा उडवून शह दिला.

मामा म्हणाले, "आरं, थांब. घोडा झाला, आता माझी पाळी."

"घोडा झाल्याबरूबर उडतो. हीच तर घोड्याच्या घराची मेख."

"आपल्यात न्हवतं तसं."

"आपल्यातच व्हतं. ओट्यावर कितींदा झालंय."

दोघांपैकी कोणाचाही आवाज चढला नाही, पण कोणी मागेही सरेना. साक्ष द्यायला ओट्यावरचे तिसरे कोणी उरलेले नव्हते. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. मामा म्हणाले, "तू कालेजात शिकती. पुस्तकात काय लिवलंय, सांग. ते सांगल ते मान्य."

मी आणलेल्या पुस्तकात मार देल प्लाताच्या सतराव्या चालीवर दीड पान होते. आमच्या ओट्यावरच्या घोड्याबद्दल एक ओळ नव्हती. मी तसे सांगितले. दोघेही जरा वेळ गप्प बसले आणि मग मामांनी मोहरे न हलवता पट तसाच उचलून कोनाड्यात ठेवला. निकाल लागेपर्यंत तो तिथेच राहील म्हणाले.

देशी खेळाचे जे वर्णन मला पुढे वाचायला मिळाले, त्यात घोड्याच्या या तात्काळ उडीचा उल्लेख आहे. पण तो उत्तरेकडच्या पद्धतीचा आहे, आमच्या गावचा नव्हे. म्हणून आबांचे म्हणणे आणि मामांचे म्हणणे अशी दोन्ही मी इथे शेजारी शेजारी छापायला देत आहे. आपल्या वार्षिकाचा हा अंक ग्रंथालयाच्या कपाटात राहील, त्या अर्थी पुस्तकात एक ओळ तरी झाली. वाचकांपैकी कोणाच्या घरी, पारनेरात, पाथर्डीत, राहुरीत वा कोठेही, एका घराने प्यादे चालवणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना एवढे विचारून मला कळवावे की, प्याद्याचा घोडा झाला म्हणजे तो त्याच चालीत उडतो, की थांबतो? मामांच्या कोनाड्यातला डाव अजून तसाच आहे आणि चाल कोणाची हे ठरायचे आहे.